चौथीच्या मापाचं सैन्य

माझ्या धाकट्या भावाने पुण्यातली चांगली नोकरी सोडली ती हत्तीपायी. खऱ्या हत्तीपायी सोडली असती तर निदान गावात मिरवता तरी आलं असतं. हे हत्ती मोबाइलमधले. गेल्या दसऱ्याला तो घरी आला, आपट्याची पानं मायच्या हातात ठेवली आणि त्याच दमात सांगून टाकलं की आता आपण दख्खनच्या जुन्या लढायांचा खेळ बनवणार. खेळणारे आपापलं राज्य उभारतील, शेतं पेरतील, सैन्य जमवतील आणि एकमेकांच्या किल्ल्यांवर चालून जातील. मायने पानं देवापुढे ठेवली आणि विचारलं, "पगार किती?"

पगार नव्हताच. मग मायने अट घातली. पुढच्या दसऱ्यापर्यंत कुण्या कंपनीने हा खेळ घेतला तर ठीक, नाही तर मुकाट्याने पुण्याची नोकरी धरायची आणि परत हत्तीचं नाव काढायचं नाही. त्याला तिने स्वतःच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. शपथ घेताना त्याचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. त्या नोकरीत असताना तो सुट्टीला यायचा तेव्हा दोन दिवस नुसता भिंतीकडे तोंड करून झोपायचा. खेळ जमला नाही तर पोरगं परत तसंच होणार, एवढं मला कळत होतं. बाकी खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

नांदेडला त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बरोबर कॉलेजातले दोन मित्र. एक देगलूरचा. त्याला इतिहासातलं सगळं ठाऊक. कुठल्या लढाईत कुणाचा घोडा कोणत्या पायाने लंगडत होता हेही तो सांगतो, फक्त स्वतःची चप्पल कुठे काढली ते त्याला विचारू नये. दुसरा धर्माबादचा, तो चित्रं काढायचा. शिपाई, घोडे, तोफा, बुरूज, सगळं त्याच्या हातचं, आणि त्याने काढलेल्या झाडून सगळ्या माणसांना मिशा होत्या. कोडिंग माझा भाऊ करायचा. तिघेही तिशीला टेकलेले, तिघांचीही लग्नं व्हायची होती आणि तिघांपैकी एकालाही वरणाला फोडणी देता येत नव्हती.

म्हणून डबा माझ्याकडे आला. मी लातूरला राहते, माय माझ्याजवळच असते आणि मुरुडच्या बाजूच्या एका खेड्यात मी चौथीचा वर्ग शिकवते. आमच्या भागात शिकायला बाहेर ठेवलेल्या पोराचा डबा एसटीने जातो. सकाळच्या गाडीला स्टँडवर जायचं, कंडक्टरला "भाऊ, एवढं नांदेडला द्या" म्हणायचं, तिकडे पोरगं उभं असतं. हे नियमात बसतं का, असं कुणी विचारत नाही, कारण कंडक्टरचंही पोर कुठे तरी अशाच डब्यावर शिकत असतं. त्या रांगेत उभी राहून मी तीन घोडनवऱ्यांचा चार पुडांचा डबा रोज सहाच्या गाडीला देऊ लागले. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक भाजी, कधी धपाटे. शेजारच्या बायका विचारायच्या, "पोरगं कितवीला आहे?" मी सांगायचे, "हत्तीला."

असे आठ महिने गेले. उन्हाळा संपून शाळा सुरू झाली आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, खेळ तयार झालाय, पण कुणी खेळंना. ओळखीच्या पन्नास पोरांना दिला, सगळी दोन दिवसांत पळाली. तू एकदा खेळून बघ ना. तू शाळेतल्या एवढ्या पोरांना रोज मापून जेवू घालतीस, तुला असलं लई कळतं."

हे मात्र खरं होतं. शाळेतली खिचडी बारा वर्षांपासून माझ्याकडे आहे. हजेरी झाली की मी कोठी उघडते आणि पत्र्याच्या मापट्याने तांदूळ-डाळ मोजून मावशींच्या पातेल्यात टाकते. मावशी म्हणजे आमची खिचडी शिजवणाऱ्या बाई. लहान पोरांना किती आणि सहावीच्या पुढच्यांना किती, ते वरून ठरून आलेलं आहे. बारा वर्षांत माझं माप मूठभरही चुकलेलं नाही. काही पोरं ताट घेऊन दुसऱ्यांदा येतात तेव्हा मावशी माझ्याकडे बघतात आणि मी वहीकडे बघते. तपासणीला आलेले साहेब माझी वही दुसऱ्या शाळांना दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

तर मी खेळले. राज्य उभारलं, शेतं पेरली, सोनं जमवलं आणि भावाने सांगितले तसे दहा हत्ती घेतले. ते पलीकडच्या किल्ल्यावर सोडले आणि कुकर लावायला गेले. परत येऊन बघते तर मी जिंकलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मलाही कंटाळा आला, म्हणून मी त्याला फोन लावला.

"हत्ती घ्यायला काय काय लागतं?"

"सोनं आणि लाकूड."

"लाकूड कशाला रे?"

"हौद्याला, ताई."

"आणि घेतल्यावर?"

"घेतल्यावर काय? लढतो की."

"खातो काय?"

"खातो?" पलीकडून तिघांचेही आवाज एकदम आले. फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं.

मग बाहेर आलं की गेले दोन महिने हे तिघे नुसते किमती वर-खाली करत बसले होते. हत्ती महाग केला की सगळे घोडेस्वार घ्यायचे आणि घोडेस्वार जिंकायचे. घोडे महाग केले की बंदूकवाले जिंकायचे. बरं, किंमत तरी लढाई बघून ठरावी! देगलूरकराचा पणजोबा म्हणे घोड्यावर होता, त्यामुळे घोडेस्वाराची किंमत वाढवली की हा दोन दिवस बोलायचा नाही. धर्माबादकराने बंदूकवाल्याच्या मिशा काढायला पंधरा दिवस घातले होते, त्यामुळे बंदूकवाला हरता कामा नये. माझ्या भावाला हत्ती आवडायचे. आमच्या भागात कुणालाही विचारा, प्रत्येकाचा पणजोबा हातात तलवार घेऊन घोड्यावर बसलेला असतो. मग त्या काळी भाकरी कोण भाजत होतं, शेण कोण काढत होतं आणि जनावराला कडबा कोण टाकत होतं, देव जाणे. त्या लोकांना बहुतेक पणतू झालेच नसावेत.

मी म्हटलं, "अरे येड्यांनो, किंमत घेतानाची नसते, पाळतानाची असते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं का म्हणतात? व्याह्यानं घोडं फुकट दिलंय की नाही? तरी घरधन्याला रडू का येतं? कारण उद्यापासून त्याला चारा कोण घालणार!"

माझं म्हणणं साधं होतं. शिपाई असो, घोडा असो की हत्ती, खेळातल्या प्रत्येक दिवसाला त्याला खायला लागलं पाहिजे. धान्य संपलं की सैन्य जागेवर बसलं पाहिजे आणि दोन दिवसांनी घरी निघून गेलं पाहिजे. आणि सैन्यामागे बाजारबुणगे चालले पाहिजेत, म्हणजे दळणाऱ्या, रांधणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बाया-माणसांचा लटांबळा. ते मागे राहिले की शिपाई कितीही शूर असो, कच्चं धान्य चावत बसेल.

भाऊ म्हणाला, "ताई, लोक लढायला येतात, किराणा भरायला न्हाई. कंटाळतील."

"आत्ता काय नाचून राहिलेत का?"

"तुला न्हाई कळायचं. एकदा विकत घेतलं की माणूस लढला पाहिजे, असंच असतं खेळात. सगळीकडं तसंच हाय."

आता मला राग आला. तिरसट म्हणून माझं माहेरी-सासरी नाव आहेच, ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी मी सहाच्या गाडीला गेले नाही. दहा वाजता त्याचा फोन आला, "ताई, डबा आला न्हाई?"

मी म्हटलं, "मी तुला आठ महिने जेवू घातलंय. एकदा घातलं की माणूस लढला पाहिजे, असंच असतं ना? लढ."

पहिल्या दिवशी तिघांनी ऐटीत हॉटेलात जेवण केलं आणि मला ताटाचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही. तो तिखटजाळ रस्सा धर्माबादकराच्या पोटाला लागला होता. धर्माबाद म्हणजे मिरचीचा मोठा बाजार; तिथला माणूस, आणि मिरचीनेच आडवा झाला. तिसऱ्या दिवशी देगलूरकर "आईला बघून येतो" म्हणून गावाकडे निघून गेला. शत्रू नाही, लढाई नाही, तीन दिवसांत सैन्य फुटलं! संध्याकाळी देगलूरहून त्याचाच फोन आला. "अक्का, तुमचं बरोबर हाय. मी घरी जेवून राहिलो तवा ध्यानात आलं. तुम्ही किती कुणाला ते लिहून द्या, आपण घालू."

मी रविवारी बसून तक्ता केला. कडब्याचं मायला विचारलं, कारण बैल तिने सांभाळलेत. बैलाला दिवसाला किती पेंढ्या ते तिने सांगितलं, घोडा बैलाएवढा धरला आणि हत्ती दहा बैलांएवढा. माय म्हणाली, "हत्ती कुणाच्या दारात हाय?" मी म्हटलं, तुझ्या लेकाच्या. शिपायाचं धान्य मला कुणाला विचारावं लागलं नाही. माझं माप चुकत नाही.

तक्ता खेळात बसवायला महिना गेला. बाजारबुणग्यांमध्ये बाया हव्यात म्हटल्यावर धर्माबादकर अडला. बाई काढायची सवयच नव्हती. शेवटी त्याने शिपायालाच लुगडं नेसवलं, डोक्यावर पाटी दिली आणि घाईत मिशा पुसायच्या राहिल्या. पहिले चार दिवस आमच्या सैन्यामागे पन्नास मिशाळ बाया दळणाची जाती घेऊन चालत होत्या. मी त्याला म्हटलं, राहू दे, भाकरी भाजणाऱ्या पणजोबांना तेवढाच मान.

पण खेळ जमला, हे कबूल करायला हवं. पळून गेलेली पोरं परत आली. आता दहा हत्ती घेणारा चौथ्या दिवशी चाऱ्यापायी बोंबलायचा. खायला काळ आणि भुईला भार! घोडेस्वार लांब जायचे, पण परतायचं धान्य राखून. किल्ल्यापुढे पोचेपर्यंत सैन्य इतकं टेकीला आलेलं असायचं की लढायचं की मागे फिरायचं, हे खेळणाऱ्याला घाम पुसत ठरवावं लागायचं. पोरं म्हणायची, लई टेन्शन येतं, पण सोडवत नाही. भावाचा आवाज फोनवर पुन्हा लहानपणीसारखा ऐकू येऊ लागला. पुण्याची एक कंपनी खेळ बघायला तयार झाली. तिथला साहेब नवरात्रात माहूरला देवीला निघाला होता, वाटेत रविवारी नांदेडला थांबणार होता. दसरा त्यानंतर पाच दिवसांवर. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या रविवारीच होणार होतं.

आदल्या गुरुवारी मधल्या सुट्टीत मी कोठीच्या दारात बसून मोबाइलवर एक लढाई खेळत होते. मावशी पातेलं घासता घासता डोकावल्या. हे काय, ते काय, विचारू लागल्या. मी त्यांना शिपाई दाखवला आणि त्याच्या खालचा धान्याचा आकडा दाखवला.

मावशी म्हणाल्या, "बाई, ह्या मिशावाल्याला दिवसाला एवढंच?"

"का? बरोबर आहे की."

"हे तर आपल्या चौथीच्या पोराचं माप हाय."

मी आकडा पुन्हा पाहिला. बारा वर्षं "माणशी" म्हटलं की माझ्या हातून एकच आकडा उतरतो, तोच उतरला होता. त्यातही ते माप एका दुपारचं, आणि मी ते शिपायाला दिवसभराचं म्हणून लावलं होतं. ढाल, तलवार, दहा कोसांची चाल, आणि पोटात चौथीतल्या पोराची एक वेळची खिचडी! दुसऱ्यांच्या पणजोबांना हसणारी मी उंटावरची शहाणी निघाले होते.

मी लगेच भावाला फोन केला. त्याने त्या संध्याकाळी मोठ्या माणसाचं माप घालून पाहिलं. सैन्य किल्ल्याच्या दारातून निघून पहिल्याच नदीवर बसलं आणि घरी गेलं. मी म्हटलं, मग शेतांचं पीक वाढव. त्याने तेही करून पाहिलं. पीक वाढवलं की हत्तींचीही चंगळ व्हायची आणि आम्ही फिरून पहिल्या जागी. शुक्रवार सगळा यात गेला. शनिवारी त्याचा रडवेला फोन आला.

"ताई, आता नको गं हात लावू. शिपाई अर्धपोटी असला तरच हत्ती ताब्यात राहून राहिलाय. सगळा तोल त्याच्यावरच हाय. उद्या साहेब येणार. माझं वर्ष हाय गं हे."

हत्ती ताब्यात ठेवायचा तर शिपायाला अर्धपोटी ठेवायचं. नोकरीत इतकी वर्षं काढून मला हे माहीत असायला हवं होतं. मी म्हटलं, ठेव तसंच.

रविवारी मी स्वतःच डबा घेऊन नांदेडला गेले. साहेब आले, तरुणच होते, सभ्य होते. त्यांना नऊ दिवसांचा उपास होता, म्हणून माझा डबा तसाच राहिला आणि देगलूरकराने धावत जाऊन साबुदाणा वडे, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि बटाट्याचा चिवडा आणला. एवढं खाऊन साहेब उपाशी राहिले आणि खेळायला बसले. दीड तास उठले नाहीत. किल्ल्यापुढे सैन्याचं धान्य संपत आलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठून ओरडले. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

खेळ संपल्यावर साहेबांनी लाडू तोंडात टाकला आणि विचारलं, "एक सांगा, एवढ्याशा धान्यावर माणूस खरंच लढत असेल?"

देगलूरकर म्हणाला, "सर, जुन्या मोडी कागदांतून काढलंय." तो हे इतक्या सहज म्हणाला की क्षणभर मलाही खरं वाटलं.

आणि माझा भाऊ म्हणाला, "लढतो सर. सवय असते त्यांना."

माझ्या ओठांवर आलं होतं. ते चौथीचं माप आहे, एका दुपारचं आहे, आणि सवयीचं तू बोलू नकोस, तू मायच्या हातची शेवटची भाकरीही कधी कुणाला ठेवली नाहीस. पण त्याचं वर्ष होतं. मी केळ्याची सालं गोळा केली. निघताना साहेबांनी खेळ घेत असल्याचं सांगितलं. भावाने मला मिठी मारली, धर्माबादकर रडला, देगलूरकराने पणजोबाला नमस्कार केला. घरी आल्यावर मायने देवाला गूळ ठेवला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. पण ते "सवय असते" माझ्या कानातून जाईना.

सोमवारी पहाटे मी डबा भरायला बसले. शाळेचं मापटं धुवायला म्हणून मी घरी आणलेलं होतं. तेच घेतलं, तिघांचे चौथीच्या हिशोबाने तांदूळ-डाळ मोजले, खिचडी टाकली आणि डब्यात भरली. चार पुडांच्या डब्यात एकच पूड भरलं, तेही काठापर्यंत नाही. बाकीची तीन रिकामीच लावली आणि सहाच्या गाडीला दिला.

मधल्या सुट्टीत फोन आला. माझ्यासमोर पोरं ताटं घेऊन रांगेत होती.

"ताई, आज चुकून एकाचंच आलं का?"

"तिघांचं आहे. दिवसभराचं आहे. मापून दिलंय."

पलीकडे त्याने रिकामी पुडं पुन्हा एकेक उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "चौथीचं?"

"चौथीचं. सवय होईल."

मला वाटलं तो हसेल, नाही तर चिडेल. पण त्याने अगदी हळू विचारलं, "ताई, त्या पोरांचं भागतं का गं एवढ्यात?"

समोर चौथीतली एक पोरगी रिकामं ताट घेऊन दुसऱ्यांदा आली होती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या मांडीवर उघडी होती, बारा वर्षं मुठीनेही न चुकलेली.

"न्हाई भागत," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदा तोंडाने बोलत होते.

"मग खेळात माप बदलू का? कसं तरी बसवतो."

"खेळात बदलून काय करतोस?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. पोरगी अजून उभीच होती.